श्वास आणि स्वर

शिवजयंतीच्या मिरवणुकीत पुढे चालणारा तुतारीवाला आपण पाहिलेला असतो. तो आपली बाकदार तुतारी वर उचलतो, छाती भरून श्वास घेतो, आणि दुसऱ्याच क्षणी तिचा तेजस्वी नाद सगळ्या रस्त्यावर घुमू लागतो. पाहणाऱ्याला वाटते, यात विशेष ते काय? नळीत हवा फुंकली की नळी वाजणारच! पण तीच तुतारी एखाद्या नवख्या माणसाच्या हाती द्यावी. तो गाल फुगवून, डोळे वटारून, सगळा जोर लावून फुंकतो. आणि तुतारीतून नुसता 'फुस्स' असा आवाज बाहेर पडतो. तुतारी तीच, हवाही तीच. मग स्वर गेला कोठे? तो तुतारीत नव्हताच. तो वाजविणाऱ्याच्या ओठांत, श्वासात आणि कानांत होता.

तुतारी ज्या जातीचे वाद्य आहे, त्याच जातीची अनेक वाद्ये पाश्चात्त्य संगीतात आहेत. त्यांना पितळी वाद्ये म्हणतात. अमेरिकेतील कित्येक महाविद्यालयांत व विद्यापीठांत ही वाद्ये शिकविण्याची सोय आहे. तेथे प्रत्येक विद्यार्थ्याला त्याच्या वाद्याचा शिक्षक असतो, आणि तो त्याला एकट्याला समोर बसवून नियमाने शिकवितो. असे असूनही मोठमोठ्या वाद्यवृंदांतील नामवंत वादकांना अधूनमधून तेथे मुद्दाम पाचारण करण्यात येते. हे पाहुणे येतात, दोन-तीन तास विद्यार्थ्यांचे वादन ऐकतात, त्यांना चार गोष्टी सांगतात आणि निघून जातात. जे शिक्षकाला वर्षभरात साधले नाही, ते पाहुण्यांना दोन तासांत कसे साधावे? आणि साधत नसेल, तर त्यांना बोलवावे तरी कशासाठी? हे समजण्यासाठी ही वाद्ये वाजतात कशी, ते आधी पाहिले पाहिजे.

ट्रम्पेट, फ्रेंच हॉर्न, ट्रॉम्बोन आणि ट्यूबा ही या कुळातील चार मुख्य वाद्ये होत. प्रत्येक वाद्य म्हणजे एक लांबच लांब नळी. हाती धरता यावी म्हणून ती वळवून, गुंडाळून घेतलेली असते. ट्रम्पेटची नळी सरळ केली, तर ती सुमारे दीड मीटर भरेल. ट्रॉम्बोनची सुमारे पावणेतीन मीटर आणि फ्रेंच हॉर्नची जवळजवळ चार मीटर लांब असते. सर्वांत मोठ्या ट्यूबाची नळी तर साडेपाच मीटरांपर्यंत जाते. नळी जितकी लांब, तितका तिचा मूळ स्वर खालचा, खर्जातला. नळीच्या एका टोकाला फुलासारखे उमललेले रुंद तोंड असते. दुसऱ्या टोकाला लहानशा पेल्याच्या आकाराचा एक तुकडा बसविलेला असतो. त्याला माउथपीस म्हणतात. वादक आपले ओठ त्यावर टेकवितो.

वाद्य पितळेचे असले, एवढ्याने मात्र ते या कुळात मोडत नाही. सॅक्सोफोन पितळेचाच असतो. पण त्यातील स्वर बोरूच्या पातळ पत्तीच्या कंपनाने निघतो, म्हणून त्याची गणना लाकडी वाद्यांत होते. उलट शंखाला पितळेचा स्पर्शही नसतो, तरी तो ओठांनी वाजतो. म्हणून तो या वाद्यांचा आप्तच म्हटला पाहिजे. ओठांचे कंपन हीच या कुळाची खूण होय.

हे कंपन कसे होते? वादक ओठ मिटून धरतो आणि त्यांच्या मधून श्वास सोडतो. श्वासाच्या दाबाने ओठ किंचित उघडतात, लगेच मिटतात, पुन्हा उघडतात. ही क्रिया इतक्या वेगाने होते, की मधमाशीच्या गुणगुणण्यासारखा आवाज येऊ लागतो. वाद्यवृंदातील सर्व वाद्ये ज्या एका स्वराशी जुळवितात, त्या स्वराची कंपने दर सेकंदाला सुमारे ४४० असतात. तो स्वर काढताना ट्रम्पेटवादकाचे ओठही सेकंदाला तितक्याच वेळा उघडतात व मिटतात. ओठांनी निर्माण केलेली ही गुणगुण नळीतील हवेला हलविते. नळी तिला आधार देते आणि तिचा मोठा, भरदार नाद बनविते.

एका नळीतून कोणताही स्वर निघत नाही. काही ठरावीक स्वरच निघतात. बिगुलावर फार थोड्या स्वरांत सगळे इशारे वाजवावे लागतात, ते यामुळेच. ही अडचण दूर करण्यासाठी नळीची लांबी वाजविता वाजविता बदलण्याची युक्ती शोधावी लागली. ट्रॉम्बोनमध्ये एक नळी दुसरीवर मागेपुढे सरकते. इतर वाद्यांसाठी हाइन्रिख श्टोल्झेल व फ्रीड्रिख ब्ल्यूमेल या दोन जर्मन वादकांनी एक योजना काढली. तिचे पेटंट त्यांना १८१८ साली प्रशियात मिळाले. पुढे या योजनेत सुधारणा होत गेल्या. आजच्या ट्रम्पेटला तीन दट्ट्ये असतात. दट्ट्या दाबला, की मूळ नळीला एक लहानसा फाटा जोडला जातो आणि नळी तेवढी लांब होते. मधला दट्ट्या स्वर अर्ध्याने उतरवितो, पहिला एका पूर्ण स्वराने, आणि तिसरा दीड स्वराने. या तिहींच्या निरनिराळ्या जुळणीने सात लांबीच्या नळ्या मिळतात आणि सगळे स्वर हाती येतात. ट्यूबा हे तर दट्ट्यांच्या शोधामुळेच शक्य झालेले वाद्य. ते १८३५ साली बर्लिनमध्ये प्रथम तयार झाले.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. पेटीची पट्टी दाबली, की तिचा ठरलेला स्वर येतोच. पट्टी दाबणारा संगीतातला असो वा नसो. पितळी वाद्याचे तसे नाही. ट्रम्पेटचा एकही दट्ट्या न दाबता केवळ ओठ आणि श्वास यांच्या बळावर पाच-सहा वेगवेगळे स्वर काढता येतात. त्यांपैकी कोणता काढावयाचा, हे बोटे ठरवीत नाहीत. वादकाला तो स्वर वाजविण्यापूर्वी मनात ऐकू आला पाहिजे. तरच ओठ त्या स्वरावर जाऊन थांबतात. फ्रेंच हॉर्नवर हे काम अधिकच अवघड असते. त्यावर वरच्या सप्तकातील स्वर एकमेकांना इतके लागून असतात, की मनात जराशी शंका आली तरी ओठ शेजारच्या स्वरावर घसरतात. मग सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल अशी चूक होते.

आणि ही चूक का झाली, ते दिसत मात्र नाही. व्हायोलिन शिकविणारा शिक्षक विद्यार्थ्याची बोटे आणि गज पाहू शकतो. पितळी वाद्यांत सगळेच दृष्टीआड. ओठ माउथपीसमागे झाकलेले, जीभ तोंडात, फुफ्फुसे छातीत. शिक्षकाला जे काही कळते, ते कानांनीच कळते. विद्यार्थ्याची अडचण तर याहून मोठी. वाद्याचे तोंड त्याच्यापासून दूर वळलेले असते. त्याचा नाद समोरच्यांना जसा ऐकू जातो, तसा त्याला स्वतःला ऐकू येत नाही. त्यातून शिक्षक आणि विद्यार्थी दोघेही एकच आवाज रोज ऐकतात, आणि रोज ऐकलेल्या आवाजातील दोष हळूहळू जाणवेनासा होतो. घरातल्या भिंतीवरचे चित्र वाकडे झालेले घरच्यांच्या लक्षात येत नाही; पाहुण्याला ते पाऊल टाकताच दिसते. बाहेरच्या वादकांना बोलाविण्याचे पहिले कारण हे असे आहे.

दुसरे कारण अधिक गंभीर आहे. महाविद्यालयात ही वाद्ये शिकणाऱ्या अनेकांना पुढे मोठ्या वाद्यवृंदात वादक व्हावयाचे असते. परंतु तेथे जागा किती? पूर्ण वाद्यवृंदात साधारणतः चार फ्रेंच हॉर्न, तीन ट्रम्पेट, तीन ट्रॉम्बोन आणि एक ट्यूबा असतो. ट्यूबा एकच! आणि त्या खुर्चीवर एकदा चांगला वादक बसला, की ती पुष्कळ वर्षे रिकामी होत नाही. शिकागोच्या प्रसिद्ध वाद्यवृंदात अर्नोल्ड जेकब्स हे १९४४ पासून १९८८ पर्यंत, म्हणजे तब्बल ४४ वर्षे, ट्यूबा वाजवीत होते. त्याच वाद्यवृंदात अडॉल्फ हर्सेथ हे १९४८ साली प्रमुख ट्रम्पेटवादक झाले आणि २००१ पर्यंत त्या स्थानावर राहिले. अशी एखादी जागा रिकामी झाली, म्हणजे देशाच्या कानाकोपऱ्यांतून वादक चाचणीसाठी येतात. बॉस्टनच्या वाद्यवृंदाने १९५२ साली ही चाचणी पडद्याआड घेण्यास आरंभ केला, आणि पुढे इतर अनेकांनी ती पद्धत उचलली. परीक्षक पडद्याच्या एका बाजूला, वादक दुसऱ्या बाजूला. त्याचे नाव, रूप, शिक्षण यांपैकी काहीच परीक्षकांना कळत नाही. कळतो तो फक्त स्वर. त्या थोड्याशा मिनिटांत अनेक वर्षांच्या श्रमांचा निकाल लागतो.

हे सारे विद्यार्थी जाणून असतो, आणि त्यामुळे त्याच्या मनात भीती घर करते. भीती वाटली, की माणसाचा श्वास आखूड होतो, गळा आवळतो, खांदे वर चढतात. एरवी हे कोणाच्या लक्षातही येत नाही. पण पितळी वाद्याचा सगळा संसार श्वासावर चाललेला. श्वास आखूड झाला, की ओठांचे कंपन तुटक होते. कंपन तुटक झाले, की स्वर फाटतो. आणि स्वर फाटला, की भीती दुणावते. या चक्रात सापडलेला विद्यार्थी जितका अधिक जोर लावतो, तितका अधिक अडकतो. तुतारी फुंकू पाहणाऱ्या नवख्या माणसासारखीच त्याची गत होते.

अनेक श्रोत्यांसमोर एका थोर कलावंताने एकेका विद्यार्थ्याला शिकवावे, ही पद्धत रूढ करण्याचे श्रेय फ्रान्झ लिस्ट या विख्यात पियानोवादकाला देतात. १८६९ पासून १८८६ साली मृत्यू येईपर्यंत ते दरवर्षी काही महिने जर्मनीतील वायमार या गावी राहत. निरनिराळ्या देशांतील तरुण वादक तेथे त्यांच्याकडे जमत. त्यांतील एक जण पियानोवर बसे आणि बाकीचे भोवती उभे राहून ऐकत. एकाला सांगितलेली गोष्ट सर्वांना मिळे. या शिकविण्यासाठी लिस्ट कोणाकडून शुल्क घेत नसत. पियानोवादकांत सुरू झालेली ही पद्धत पुढे इतर वादकांत आणि गायकांतही पसरली. आज पितळी वाद्यांचे पाहुणे वादकही याच रीतीने वर्ग घेतात.

असा वर्ग बहुधा महाविद्यालयाच्या लहानशा सभागृहात भरतो. सगळे विद्यार्थी समोर बसतात. त्यांचे शिक्षकही त्यांच्यातच बसलेले असतात. एक विद्यार्थी व्यासपीठावर येतो आणि तयार केलेली रचना वाजवितो. वादन संपते, टाळ्या होतात, आणि सर्वांचे डोळे पाहुण्यांकडे लागतात. आता ते बोटांची एखादी करामत सांगतील, असे विद्यार्थ्याला वाटते. पण जाणते पाहुणे अनेकदा त्याला वाद्य खाली ठेवावयास सांगतात. मग ते म्हणतात, "आता नुसता श्वास घे. जांभई देताना घेतोस तसा, सावकाश आणि भरपूर." कधी ते कागदाचा एक कपटा त्याच्या समोर धरतात आणि तो एकसारख्या फुंकरीने तिरका उचलून ठेवावयास सांगतात. फुंकर अडखळली, की कपटा लगेच खाली येतो. जे इतके दिवस दिसत नव्हते, ते आता सर्वांना दिसू लागते: या मुलाचा श्वास मध्येच तुटतो आहे.

त्यानंतर पाहुणे त्याला तीच सुरावट गळ्याने गावयास सांगतात. विद्यार्थी संकोचतो, कारण तो गायक नसतो. तरी तो गातो. मग वाद्यातून माउथपीस काढून घेऊन, नुसत्या ओठांच्या गुणगुणीने तीच सुरावट काढावयास त्याला सांगण्यात येते. येथे दट्ट्यांची मदत नसते आणि लांब नळीचा आधारही नसतो. स्वर मनात स्पष्ट नसेल, तर ओठ तो काढूच शकत नाहीत. शेवटी माउथपीस पुन्हा वाद्याला लावून तो वाजवितो; आणि मघापेक्षा त्याचा नाद अधिक मोकळा, अधिक भरलेला येतो. बोटे तीच, ओठ तेच, वाद्य तेच. बदलले एवढेच, की स्वर आधी मनात उमटला आणि श्वास त्याच्या पाठीशी उभा राहिला.

कधी कधी श्वास उत्तम असतो, स्वर अचूक असतात, आणि तरीही वादन निर्जीव वाटते. रशियन संगीतकार मुसोर्गस्की यांनी आपल्या दिवंगत चित्रकार मित्राच्या चित्रांचे प्रदर्शन पाहून १८७४ साली एक रचना केली. पियानोसाठी लिहिलेली ही रचना फ्रेंच संगीतकार रावेल यांनी १९२२ साली वाद्यवृंदासाठी बसविली. तिच्यातील एका भागात जड चाकांची बैलगाडी येते. ती दुरून येते, जवळ येते, समोरून खडखडत जाते आणि पुन्हा दूर नाहीशी होते. ही गाडी रावेल यांनी ट्यूबाच्या हाती दिली आहे. एखादा विद्यार्थी हा भाग बिनचूक वाजवितो; पण त्याचे लक्ष सगळे स्वरलिपीवर असते. तेव्हा पाहुणे त्याला विचारतात, "गाडी कुठवर आली? ओझे किती आहे? बैल दमले आहेत का?" विद्यार्थी क्षणभर गोंधळतो, मग हसतो आणि पुन्हा वाजवू लागतो. आता तो स्वर मोजत नाही, गाडी हाकतो. ज्या उंच स्वराची त्याला धास्ती होती, तो स्वर केव्हा येऊन गेला, हे त्याला कळतही नाही.

हे तत्त्व ज्यांनी आयुष्यभर शिकविले, ते म्हणजे वर उल्लेखिलेले अर्नोल्ड जेकब्स. त्यांचा जन्म १९१५ साली फिलाडेल्फियात झाला आणि बालपण कॅलिफोर्नियात गेले. प्रथम बिगुल, मग ट्रम्पेट, मग ट्रॉम्बोन आणि शेवटी ट्यूबा अशी त्यांची वाटचाल झाली. वयाच्या पंधराव्या वर्षी फिलाडेल्फियातील कर्टिस संगीतसंस्थेत त्यांना प्रवेश मिळाला. पुढे ट्यूबावादक म्हणून त्यांची कीर्ती झाली. पण नवलाची गोष्ट अशी, की ज्या वाद्याला सर्वांत अधिक हवा लागते, ते वाद्य वाजविणाऱ्या या माणसाची फुफ्फुसे मात्र दुबळी होती. त्यांना श्वसनाचा विकार होता, आणि वयाबरोबर फुफ्फुसांची शक्ती आणखी घटत गेली. श्वास पुरेसा नाही म्हणून त्यांनी वाद्य सोडले नाही. त्यांनी श्वासाचाच अभ्यास आरंभिला. शरीरशास्त्राचे ग्रंथ वाचले, श्वास मोजण्याची उपकरणे जमविली, आणि कोणत्या वाद्याला किती हवा व किती दाब लागतो, याचा शोध घेतला. ट्यूबाला हवा पुष्कळ लागते, पण दाब थोडा पुरतो. ट्रम्पेटला हवा थोडी लागते, पण उंच स्वरांसाठी दाब फार लागतो.

इतके शरीरशास्त्र जाणणारा हा माणूस विद्यार्थ्यांना मात्र सांगे, की वाजविताना शरीराचा विचार करू नका. बोलताना आपण जिभेचे स्नायू कसे हलवावेत, याचा विचार करीत नाही. शब्दांचा विचार करतो, आणि जीभ आपोआप हलते. तद्वत् वादकाने मनात सुंदर स्वराचा विचार करावा आणि श्वास मोकळा सोडावा. स्नायू आपले काम करतील. 'गीत आणि वारा' या अर्थाच्या दोन लहानशा इंग्रजी शब्दांत त्यांची ही शिकवण ओळखली जाते. शिकागोच्या फाइन आर्ट्स बिल्डिंग या जुन्या इमारतीत त्यांची शिकविण्याची खोली होती. तेथे ट्यूबावादकांबरोबर ट्रम्पेट, हॉर्न आणि इतर वाद्यांचे वादकही दुरून येत. शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातही त्यांनी अनेक वर्षे शिकविले आणि उन्हाळी वर्ग घेतले. फुंकरीने चेंडू वर उचलणाऱ्या नळ्या, श्वास भरण्याच्या पिशव्या अशी साधने ते विद्यार्थ्याच्या हाती देत. वाद्य हातात असले, की त्याबरोबर जुन्या सवयीही येतात. नवख्या साधनाला जुनी सवय चिकटलेली नसते, हे त्यामागचे इंगित होते. १९९८ साली मृत्यू येईपर्यंत त्यांचे शिकविणे चालू होते.

पाहुणे नेहमी एकटेच येतात असे नाही. कधी पाच वादकांचा संच येतो. दोन ट्रम्पेट, एक हॉर्न, एक ट्रॉम्बोन आणि एक ट्यूबा, अशी त्यांची सामान्य घडण असते. १९६० साली न्यूयॉर्क येथे स्थापन झालेल्या अमेरिकन ब्रास क्विंटेट या संचात ट्यूबाऐवजी खर्जाचा मोठा ट्रॉम्बोन असतो. हा संच १९७० पासून ॲस्पेन येथील संगीत महोत्सवाशी आणि १९८७ पासून न्यूयॉर्कच्या जूलियार्ड संस्थेशी जोडला गेला, आणि तेथे त्याने तरुण वादकांच्या पिढ्या शिकविल्या. अशा संचापुढे हातवारे करून ताल दाखविणारा संचालक नसतो. मग पाचही जण एकदम सुरू कसे होतात? ते एकत्र श्वास घेतात! रचनेच्या लयीतच सर्वांचा श्वास आत जातो, आणि तो बाहेर पडतो तेव्हा पाचही स्वर एकाच क्षणी उमटतात. विद्यार्थ्यांचा संच वाजवू लागला, की पाहुणे प्रथम हेच पाहतात. विद्यार्थी कागदात डोळे खुपसून बसलेले असतात. पाहुणे त्यांना मान वर करून एकमेकांकडे पाहावयास लावतात.

मग स्वर जुळविण्याचा धडा येतो. एका वाद्याची कंपने सेकंदाला ४४० आणि दुसऱ्याची ४४२ असली, तर दोन्ही मिळून येणारा नाद सेकंदाला दोन वेळा हेलकावतो. कंपने सारखी झाली, की हेलकावा थांबतो. हे यंत्राने दाखविता येते. पण तेवढ्याने भागत नाही. षड्ज, गंधार आणि पंचम हे तीन स्वर तीन वाद्यांवर एकदम वाजत असता, गंधार वाजविणाऱ्याने आपला स्वर पियानोवरील त्याच स्वराहून किंचित उतरवावा लागतो. हे उतरविणे अर्ध्या स्वराच्या सुमारे सातव्या हिश्शाइतके असते. तेवढे झाले, की तिन्ही स्वर एकमेकांत मिसळतात आणि सभागृह जणू स्वतःच घुमू लागते. उत्तम जुळलेल्या तंबोऱ्यातून न छेडलेला गंधार ऐकू येतो, तोच हा गंधार. म्हणून गंधार कोणाकडे आहे, हे प्रत्येकाला माहीत असावे लागते. आणि तो असणाऱ्याने आपला स्वर मोठा न करता इतरांच्या स्वरात नेऊन बसवावा लागतो. आपले वाद्य सर्वांत मोठे वाजावे, अशी हौस असलेल्या तरुणांना हा धडा कठीण जातो, आणि पुढे सर्वांत अधिक उपयोगी पडतो.

या वर्गांत विद्यार्थ्यांना आणखी एक गोष्ट पाहावयास मिळते, ती म्हणजे पाहुण्यांची तयारी. वर्गापूर्वी एखादा विद्यार्थी सभागृहाच्या दारावरून जातो, तेव्हा आतून लांब, सावकाश, एकेक स्वर ऐकू येत असतो. नवशिक्याला पहिल्या महिन्यात देतात तोच हा अभ्यास! तीस-चाळीस वर्षे वाजविलेला कलावंत तो रोज करतो. त्याच्याही वाद्यात श्वासातील वाफेचे पाणी साचते आणि त्याला ते काढून टाकावे लागते. त्याचाही एखादा स्वर कधी घसरतो. स्वर घसरला, तर तो मागे वळून पाहत नाही. पुढचा स्वर अधिक चांगला वाजवितो. चुकीला न भिण्याचा याहून चांगला धडा शब्दांनी देता येत नाही.

दोन-तीन तास संपतात. पाहुणे आपले वाद्य पेटीत ठेवतात आणि निरोप घेतात. विद्यार्थ्यांना वाटते, आपण आता बदललो. पण दुसऱ्या दिवशी सकाळी सरावाला बसले, की तोच आखूड श्वास आणि तोच आवळलेला गळा परत येतो. यात आश्चर्य नाही. जुनी सवय उपटून काढता येत नाही. तिच्या शेजारी नवी सवय लावावी लागते आणि ती रोजच्या रोज वाढवावी लागते. पायवाट वापरली नाही, तर तिच्यावर गवत उगवते. आणि जिच्यावरून रोज जाणेयेणे असते, तीच रस्ता होते. ही रोजची देखरेख नेहमीच्या शिक्षकाची, आणि रोजचे चालणे विद्यार्थ्याचे. पाहुण्यांनी केले एवढेच, की वाट कोणत्या दिशेने जाते, ते दाखविले; आणि त्या वाटेच्या शेवटी असलेला स्वर प्रत्यक्ष ऐकविला.

पुढे कधीतरी त्यांच्यापैकी एक विद्यार्थी पडद्याआड उभा राहतो. पलीकडे परीक्षक शांत बसलेले असतात. त्याचे गुरू कोण, तो कोठला, हे कोणीही विचारीत नाही. त्याचे हृदय धडधडते, खांदे वर चढू लागतात. इतक्यात त्याला तो कागदाचा कपटा आठवतो, ती सावकाश येणारी बैलगाडी आठवते. तो खांदे खाली सोडतो, छाती भरून श्वास घेतो, आणि वाजविण्याआधी क्षणभर थांबून आपला पहिला स्वर मनात ऐकतो.